उजव्या हाताचं अपील

दुपार अशी होती की कुत्र्यांनाही जांभई द्यायचा कंटाळा आला होता. आभाळ नुसतं लोंबत होतं, ना पडत होतं ना उघडत होतं. रस्त्यावरचा उजेड कुणीतरी पाण्यात बुचकळून, पिळून वाळत घातल्यासारखा दिसत होता. अशा त्या पेंगुळलेल्या उजेडातून हसऱ्या न्हावी काखेत हत्यारांची पिशवी मारून वकिलाच्या हापिसाचा जिना चढत होता. दुकान आज बंद होतं. बंदच्या दिवशी वकीलसाहेब त्याच्याकडून दाढी करून घेत, आणि दाढी होता होता अपिलाचं बोलणंही उरकत. गालाला फेस आणि कानाला कायदा, दोन्ही एकदम.

हसऱ्याचं हजामतीचं दुकान होतं. आईबापांनी हौसेनं ठेवलेलं खरं नाव आता फक्त कोर्टाच्या कागदांवर उरलं होतं. बाकी सगळ्या गावाला तो हसऱ्या. कुणी म्हणालं, केस वाकडे कापलेस, हा हसायचा. कुणी म्हणालं, तुझ्या बापाचा हात हलका होता, तुझा म्हणजे नांगर, तरी हा हसायचाच. धंद्यात तोंडावर हसू ठेवायचं आणि शिव्या गिळायच्या. आता एवढ्या शिव्या गिळल्यावर माणसाचं पोट सुटायला हवं की नाही? हा आपला काडीसारखा. मग त्या शिव्या जात कुठे होत्या? असं बघू नका माझ्याकडे, सांगतो.

तर अशा या गरीब माणसाला खालच्या कोर्टानं मारहाणीची शिक्षा ठोकली होती. जड भांडं घालून डोकं फोडलं म्हणून दीड वर्ष. अपील दाखल होतं, म्हणून शिक्षा तूर्त थांबली होती आणि हसऱ्या जामिनावर बाहेर होता. अपील फसलं की सरळ आत. तो आत गेला की दुकानाला कुलूप, आणि कुलूप लागलं की दुकान दलालाच्या घशात. कारण फुटलेलं डोकं दलालाचं होतं, आणि त्याचा धंदाच मुळी जुन्या भाडेकरूंना हुसकून जागा रिकाम्या करून देण्याचा.

वकीलसाहेब खुर्चीत रेलले. हसऱ्यानं कपडा बांधला, फेस काढला, वस्तरा पट्ट्यावर फिरवला. हापिसात जुन्या कागदांचा वास होता, त्यात साबणाचा वास मिसळला.

"हलू नका, साहेब."

"मी हलत नाहीये, तुझी केस हलतेय. पुन्हा सांग. पहिल्यापासून."

हसऱ्यानं पुन्हा सांगितलं. दलाल दाढीला आला होता. तोंडभर फेस, पण त्याची जीभ काही फेसानं बंद होत नव्हती. म्हणाला, या महिन्यात तुझी खुर्ची उचलून रस्त्यावर टाकतो. म्हणाला, तुझी सासू असते ना दारात बसलेली, तिलाही त्याच भंगारात वजनावर विकतो. आणि वर म्हणाला, हस की! तुला हसायलाच तर ठेवलाय.

"मग तू?"

"हसलो, साहेब."

"आणि?"

"आणि म्हटलं, गरम पाणी आणतो. मागं गेलो. स्टोव्हपाशी उभा राहिलो."

तो स्टोव्हपाशी असताना दुकानातून आवाज आला. पक्का नारळ फरशीवर पडावा तसा. धावत आला तर दलाल खाली, उजव्या कानामागे खोक पडलेली, फेसावर रक्त. पितळी भांडं बाजूला गरगरत होतं. दलाल शुद्धीवर आला तो हसऱ्याकडे बोट दाखवतच. यानंच मारलं. आरशात डोळ्यांनी पाहिलं मी.

हसऱ्याच्या बाजूची साक्षीदार एकटी सासू. दुकान आणि मागची खोली यांच्या मधल्या दारात ती स्टुलावर बसलेली असायची. तिला दोन्हीकडचं दिसायचं. म्हातारीनं खालच्या कोर्टात छातीठोक सांगितलं, "जावईबापू माझ्यासमोर स्टोव्हपाशी होते." इथं थांबली असती तर जावई सुटला असता. पण थांबेल ती सासू कसली? पुढं म्हणाली, "आणि आरशातपण होते." कोर्ट खो खो हसलं. न्यायाधीशांनी लिहून घेतलं, साक्षीदार नात्यातली असून गोंधळलेली आहे. म्हातारी तेव्हापासून सगळ्यांना ऐकवत होती, "गोंधळलेली म्हणे! नुकताच मोतीबिंदू काढला होता माझा. माझे डोळे त्या न्यायाधीशापेक्षा नवे होते!"

वकीलसाहेबांनी अर्धी दाढी झाली असताना डोळे उघडले.

"थांब. तुझा वस्तरा या बाजूनं कसा येतोय रे?"

"माझा हातच डावा आहे, साहेब."

वकीलसाहेब ताडकन उठले. अर्ध्या तोंडाला फेस, गळ्यात कपडा, मांजर पाण्यातून बाहेर पडावं तसे.

"डावखुरा आहेस? गाढवा, खालच्या कोर्टात तुला सरळ विचारलं होतं, कुठल्या हातानं काम करतोस. तू 'उजव्या' म्हणालास! लिहिलंय तसं!"

हसऱ्या विचारात पडला. वस्तरा हातातच राहिला.

"आमचं असं होतं, साहेब... दिवसभर आम्ही स्वतःला आरशातच बघतो. समोरचा तो उजव्या हातानं दाढी करत असतो. त्यांनी विचारलं, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं तोच आला. त्याच्याकडे बघून सांगितलं."

"बावळट!" वकीलसाहेब आनंदानं ओरडले. "अरे, घाव उजव्या कानामागे. मागं उभं राहून उजव्या हातानं घातलेला. डावखुरा माणूस तिथं मारेल कशाला? संपलं अपील! मारणारा तू नव्हेसच. दुसरा कुणीतरी, उजव्या हाताचा."

"उजव्या हाताचा..." हसऱ्या म्हणाला.

"रस्त्यावरून आला असेल, मारून पळाला असेल. तो कोण ते शोधणं आपलं काम नाही. काय झालं? दाढी पुरी कर की!"

कायद्याच्या जाड पुस्तकांचं कपाट समोर होतं. त्याच्या काचेत हसऱ्या दिसत होता. इकडचा हसऱ्या सवयीनं हसला. काचेतल्या त्यानं नुसतं बघितलं.

त्या संध्याकाळी बायकोनं दुकानात दिवा लावला आणि बघते तर नवरा आरशाकडे पाठ करून खुर्चीत बसलेला.

"काय म्हणाले वकील?"

"सुटेन म्हणाले."

"मग तोंड का असं? दुकानही राहील, तुम्हीही राहाल. नाही म्हणजे, तुमच्यापेक्षा मला दुकानाचीच काळजी होती." ती हसली. तो हसला नाही. मग ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "अहो... खरं सांगा. मनात होतं का, मारायचं?"

"होतं. फार होतं."

"मग?"

"म्हणून तर स्टोव्हपाशी गेलो. म्हटलं, पाणी तापेपर्यंत राग निवेल." त्यानं आरशाकडे न बघता मागं बोट केलं. "माझा निवला गं... त्याचं काय मला ठाऊक नाही."

तिनं न राहवून आरशाकडे पाहिलं. आरशात खुर्चीची पाठ होती, तिच्यावर नवऱ्याचं डोकं होतं. पाठमोरं दिसायला हवं होतं. ते तिच्याकडे बघत होतं. तिनं दिवा मालवला आणि दोघं अंधारात जेवली.

वरच्या कोर्टात दोन न्यायमूर्ती होते, एक जाडे आणि एक दाढीवाले. दालन इतकं उंच की बोललेला शब्द वर जाऊन, छतापाशी जरा फिरून, मग खाली यायचा. सगळे पाण्याच्या तळाशी बसल्यासारखे हळू हळू हलत होते. दलाल पहिल्या रांगेत होता, कानामागे टाक्यांची रेघ. म्हातारी सासू मागच्या बाकावर, झोपलीय की काय अशी. पण तिचा एक डोळा जागा होता.

वकीलसाहेबांनी डावा-उजवा मांडला. सरकारी वकील उठले.

"आता काय, कुणीही म्हणेल मी डावखुरा! आणि इथं नवा पुरावा चालत नाही."

दाढीवाल्या न्यायमूर्तींनी दाढी खाजवली. बहुतेक तिथंच त्यांना सुचलं असावं. "कोर्टाला फक्त हात बघायचाय. हत्यारं आणली आहेत का?"

हसऱ्याला हत्यारांशिवाय घराबाहेर पडताच येत नसे. मग एक खुर्ची आली, तिच्यावर कोर्टाच्या शिपायाला बसवलं. शिपाई पांढरा पडला, कारण मारहाणीत दोषी ठरलेला माणूस त्याच्या गळ्याशी वस्तरा धरणार होता, आणि तोही सरकारी कामकाज म्हणून. दालनात पाण्याची वाटी आली, फेसाचा वास पसरला. जाडे न्यायमूर्ती पुढं झुकले.

हसऱ्यानं वस्तरा डाव्या हातात घेतला आणि कामाला लागला. आयुष्यात पहिल्यांदा तो समोर आपली छबी नसताना दाढी करत होता. वस्तरा लोण्यातून जावा तसा गेला. खरखर, खरखर, एवढाच आवाज. सरकारी वकिलांचा हात नकळत स्वतःच्या गळ्याशी गेला. खोट्या हातानं कुणी असा गळ्यावरून वस्तरा फिरवू शकत नाही, हे त्यांच्याही गळ्याला कळलं असावं.

तेवढ्यात बाहेर ढग दाटले आणि न्यायमूर्तींच्या मागची मोठी खिडकी काळवंडली. तिच्या काचेत अख्खं दालन उमटलं. हसऱ्यानं नको नको म्हणताना वर पाहिलं.

काचेत तो होता. उजव्या हातानं दाढी करत होता. काचेतल्या शिपायाच्या गालावरून रक्ताचा एक थेंब सावकाश खाली ओघळत होता. हसऱ्यानं घाबरून इथला गाल बघितला. स्वच्छ, कोरडा.

न्यायमूर्ती एकमेकांच्या कानाशी लागले. मग जाडे न्यायमूर्ती बोलू लागले. फिर्यादीनं मारणाऱ्याला फक्त आरशात पाहिलं... अपीलदार डावखुरा असल्याचं कोर्टानं स्वतः बघितलं... घाव उजव्या हाताचा... खालच्या कोर्टाची शिक्षा रद्द. अपीलदाराला निर्दोष सोडण्यात येत आहे.

'सोडण्यात' हा शब्द छतावरून खाली यायच्या आत खिडकीच्या काचेत दोन पोलीस पुढं आले. इथं दालनात पोलीस नव्हताच. होता तो बाहेर चहाला गेला होता. काचेतल्या पोलिसांनी काचेतल्या हसऱ्याच्या दोन्ही दंडांना धरलं. तो ओरडला नाही, झटापट केली नाही. नेताना एकदाच मान वळवून त्यानं इकडं पाहिलं. मग काचेतलं दार उघडलं, मिटलं. ढग सरला, खिडकीत आभाळ आलं.

जिन्यात दलाल समोर आला. त्याच्या आवाजात ताठा नव्हता.

"मी खोटं नव्हतो बोललो रे. मी तुलाच पाहिलं."

"ठाऊक आहे मला, शेठ," हसऱ्या म्हणाला.

दलाल त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. मग झपाझपा उतरून गेला, आणि त्या दुकानाचा विषय त्यानं पुन्हा कधी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. आरशात खुर्ची दिसत होती, बाटल्या दिसत होत्या, गिऱ्हाईकही दिसत होतं. हसऱ्या तेवढा दिसत नव्हता. गिऱ्हाइकाच्या गालावरचा फेस आपला आपणच पट्ट्यापट्ट्यानं नाहीसा होत होता. पहिलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर पळालं आणि कित्येक दिवस तसंच अर्धं हिंडलं. मग सासूनं शक्कल काढली. तिनं खुर्ची फिरवून रस्त्याकडे तोंड करून ठेवली आणि सगळ्यांना सांगितलं, ही नवी पद्धत आहे, मोठ्या शहरात असंच असतं. लोक काय, मोठ्या शहराचं नाव काढलं की उलटे टांगून घेऊनही दाढी करून घेतील.

म्हातारी आणखी एक करायची. जेवायच्या वेळी एक ताट वाढून आरशासमोर ठेवायची.

"कुणासाठी गं आई?" लेक चिडायची.

"तो पण जावईच की. आत काय धड खायला घालतात?"

हसऱ्या मात्र बदलला. कुणी टोचून बोललं तरी त्याला काही लागेना, आणि गिळायलाही काही लागेना. राग म्हणून आतून उठायचाच नाही. तो हसायचा तेही झोपेत लहान बाळ हसतं तसं, कशासाठीच नाही. दिवस त्याच्या अंगावरून मऊ कापसासारखे जात होते. बायकोनं एकदा मुद्दाम मीठ न घालता कालवण केलं. त्यानं बोटं चाटली.

"भांडा ना हो माझ्याशी," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "एकदा तरी!"

"कुणाच्या जोरावर भांडू?" तो म्हणाला. "भांडणारा नाहीये ना इथं."

असं करता करता, खालच्या कोर्टाच्या हिशोबानं जी शिक्षा भोगायची होती, तिचे दिवस सरले. हसऱ्यानं मोजले नव्हते. ते सरल्याचं कळलं नाकाला. धुक्यातली सकाळ होती, गिऱ्हाईक एकही नव्हतं, आणि दुकानात एकाएकी फिनेलचा वास सुटला. फिनेल, ओली भिंत आणि पुष्कळ माणसांचा घाम. बायको आतून धावत आली. म्हातारी स्टुलावरून उठून उभी राहिली, जावई माणूस आल्यावर उठतात तशी.

आरशात तो उभा होता. डोकं भादरलेलं, गाल आत गेलेले. हसऱ्यानं स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला. केस जागच्या जागी होते.

आरशातल्यानं फळीवरचा कपडा उचलून झटकला आणि रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर थोपटलं. बस.

"बसू नका हं..." बायको कुजबुजली.

"त्यानं माझं भोगलं गं," हसऱ्या म्हणाला. "माझ्या मनातलं त्यानं केलं, आणि माझं भोगलंही त्यानंच. आणि मी अपिलात सुटलो. आता बस म्हणतोय, तर बसायला नको?"

त्यानं खुर्ची फिरवून आरशासमोर केली आणि बसला. डोळे मिटले. गळ्याशी कपडा आवळला गेला. गालावर गार ब्रश फिरला. बायको बघत होती. फळीवरचा वस्तरा फळीवरच होता, पण नवऱ्याच्या गालावरचा फेस पट्ट्यापट्ट्यानं जात होता, उजव्या हाताच्या वळणानं. खरखर... खरखर... हनुवटीखाली आला. कंठाच्या मण्यापाशी थांबला.

थांबला तो थांबलाच. हसऱ्याला धारेचा गारवा लागत होता. गिळायचं होतं, गिळता येत नव्हतं. बाहेर धुक्यात सायकलची घंटी वाजली, दूर गेली. आरशाकडे बघत म्हातारी बोलली, "जावईबापू... घरचं माणूस आहे ते."

गारवा हलला. सावकाश मण्यावरून उतरला आणि निघून गेला.

हसऱ्यानं डोळे उघडले. बायकोनं त्याच्या गालाला हात लावला. तुळतुळीत. एक ओरखडा नाही. आणि हसऱ्याच्या पोटात, किती दिवसांनी, काहीतरी चुरचुरलं. जुना, ओळखीचा, गरम राग. "त्या दिवशी कालवणात मीठ नव्हतं," तो बायकोला म्हणाला. बायको हसायला लागली, मग रडायला लागली. दोन्ही एकदमच. म्हातारीही पदरानं नवे डोळे पुसू लागली. आरशातला हसऱ्या आता हसऱ्यासारखा दिसत होता, इकडचा करेल ते करत होता. फक्त केस तेवढे वाढायचे होते.

"झालं म्हणायचं," हसऱ्या उठत म्हणाला.

पण आरशातल्यानं पुन्हा कपडा झटकला. हसऱ्याचे हात तर खाली होते. त्यानं कपडा झटकला आणि कोपऱ्यातल्या बाकाकडे मान हलवली, पुढचं गिऱ्हाईक बोलावतात तशी.

इकडचं बाक रिकामं होतं. आरशातल्या बाकावर एक माणूस बसला होता. उंच, मान एका बाजूला कललेली, फार वेळ वाट बघून अवघडल्यासारखा. तुरुंगातली ओळख असावी. तो उठला. फरशी करकरली, इकडची. खुर्चीची गादी फुस्स करून खाली दबली.

आता तुम्हीच सांगा, खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणायचं? ते त्या धंद्यातच नाही. हसऱ्याच्या तोंडावर आपोआप हसू आलं. त्यानं कपडा घेतला, हवेत पसरला. कपडा खांद्यांवर बसला. गाठ मारायला त्यानं बोटं मागं नेली तर तिथं मान होती. गार, ओलसर. आणि मानेभोवती, सगळीकडून, बोट रुतेल एवढा खोल वळ.

"जरा सैल बांध रे बाबा..." खुर्चीतून हळूच आवाज आला. "तिथं अजून दुखतं."